पावणेदोन अंश

डिलाईल रोडवरून आत गेलेल्या एका गल्लीत, पूर्वी जिथे कोळशाची वखार होती तिथे, राजेश कांबळीचं गाड्यांच्या व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. गाडीखाली उतरून काम करायला एक खड्डा, एक मशीन, भिंतीला टेकवलेली टायरांची चळत, बस्स. या दुकानात अक्षदा घाडीगावकर बारा वर्षांपूर्वी फोन उचलायला आणि पावत्या लिहायला म्हणून लागली. आता खड्ड्यात तीच उतरते.

हे घडलं मशीनमुळे. राजेशने नवीन मशीन आणलं तेव्हा त्याच्या पडद्यावर सगळं इंग्रजीत यायचं, तेही दशांशात. दुकानातले जुने मेस्त्री दगडूमामा त्याच्याकडे पाठ करून बसले. एकोणिसाव्या वर्षी गिरणीत बदलीवर लागलेला हा माणूस. संपात गिरणी गेली तेव्हापासून गाडीच्या दोन्ही बाजूंना दोरा ताणून, पट्टीने मोजून चाकं सरळ लावत आला होता. "माका तो टीव्ही दाखवू नकात," असं त्यांनी राजेशला सांगून टाकलं. मग तोड निघाली. अक्षदाने पडद्यावरचा आकडा मोठ्याने वाचायचा आणि मामांनी खालून पाना फिरवायचा. "डावं पुढचं, अजून... अजून जरा... बस, मामा, बस." असं वर्षभर चाललं. पुढे मामांचा खांदा आखडला, आणि एका सोमवारी गाड्या खोळंबल्या म्हणून पंजाबी ड्रेसवर राजेशचा जुना शर्ट चढवून अक्षदा स्वतःच खाली उतरली. मामा वर स्टुलावर बसून सांगत होते. खांदा बरा झाला तरी मामा परत खाली गेले नाहीत.

कामात ती चोख होती. पण हाताला जेवढं यश होतं, तेवढीच जिवाला धाकधूक. त्याला कारण होतं एक टॅक्सी. सात वर्षांपूर्वी एका काळ्यापिवळ्या टॅक्सीचं काम करताना टाय रॉडचा चेकनट तिच्याकडून ढिला राहिला. टाय रॉड म्हणजे स्टेअरिंगचा जोर चाकापर्यंत नेणारी दांडी. तिची लांबी एकदा ठरवली की हा नट आवळून ती पक्की करायची असते. टॅक्सीवाला चार दिवसांनी आला, स्टेअरिंग तिरकं धरून. "ताई, गाडी सरळ जाते पण मी वाकडा बसतो," म्हणून तो हसला. काही झालं नव्हतं. दोन मिनिटांत काम झालं, चहा पिऊन तो गेला. अक्षदाला मात्र त्या रात्री ताप भरला. त्या टॅक्सीत मागच्या सीटवर कोण कोण बसलं असेल, याचा हिशेब ती करत राहिली. तेव्हापासून घरी गॅसचं बटण तीनदा बघायचं, दाराची कडी ओढून बघायची, अर्ध्या जिन्यातून परत वर यायचं. सासू, सुभद्राबाई, वैतागायच्या. "गो, किती येळा बघशीत? बंदच आसा तो!"

अशा बाईकडे गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये एक गृहस्थ आले. साठी ओलांडलेले, इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला पेन. बरोबर एक जुनी, पण लख्ख पुसलेली छोटी गाडी. नाव सांगितलं शरच्चंद्र खांबेटे, राहणार माटुंगा. विमा कंपनीच्या फोर्टमधल्या कचेरीतून निवृत्त.

"गाडी कुठे ओढते, काका? डावीकडे की उजवीकडे?" अक्षदाने नेहमीचा प्रश्न विचारला.

"कुठेच ओढत नाही. सरळ चालते," ते म्हणाले. "मला ती वाकडी करून हवी आहे."

राजेशने पावतीपुस्तकातून मान वर काढली.

खांबेट्यांनी खिशातून वही काढली आणि बॉनेटवर ठेवून समजावलं. पनवेलच्या पुढे एका मोकळ्या मैदानात हौशी लोक जमतात. रस्त्याच्या कामावर ठेवतात तसले नारिंगी शंकू मांडून वळणावळणाची वाट आखतात. एका वेळी एकच गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. शंकू पडला की दोन सेकंद दंड. याला ऑटोक्रॉस म्हणतात. कोणी कोणाला धडकत नाही, बक्षीस म्हणजे एक पेला, बाकी काही नाही. आदल्या वर्षी ते नुसते बघायला गेले होते. मग स्वतः एकदा सराव करून पाहिला.

"वळणावर स्टेअरिंग पूर्ण फिरवलं तरी गाडीचं नाक पुढेच घसरतं. वळायलाच मागत नाही. मी वाचलंय त्याप्रमाणे पुढची चाकं वरून पावणेदोन अंश आत झुकवायची, म्हणजे वळताना टायर पूर्ण टेकतो. आणि दोन्ही चाकांची तोंडं किंचित बाहेर फाकवायची. बरोबर?"

"बरोबर," अक्षदा म्हणाली. आकडे तिला माहीत होते. पण जन्मात तिने तसं करून दिलं नव्हतं. आजवर येणारा प्रत्येक जण, स्टेअरिंगवरचा हात सोडला तरी गाडी नाकासमोर गेली पाहिजे, एवढंच मागत आला होता. चाकं फाकवलेली गाडी रस्त्यावर वळवळ करते. जरा खड्डा आला की हातातून निसटू बघते. "काका, हे रस्त्यावर चालवायला धोक्याचं आहे."

"थोडंफार असेलच की," ते शांतपणे म्हणाले. "छत्तीस वर्षं मी लोकांच्या धोक्याचे कागद तपासले. माझ्या वाट्याला एवढा आला तर चालेल."

काम दिवाळीच्या आधी करायचं ठरलं. नवे शॉकअप आणि खास बोल्ट मागवायचे होते. या बोल्टाचं पोट एका बाजूला फुगलेलं असतं. तो फिरवला की चाक आत-बाहेर झुकतं.

पुढच्याच मंगळवारी दुपारी एक बाई दुकानात आल्या. सुती साडी, हातात कापडी पिशवी. राजेश जेवायला गेला होता, मामा स्टुलावर पेंगत होते.

"तुम्हीच का अक्षदा? मी खांबेट्यांची मिसेस. दुर्गा."

अक्षदाने खुर्ची पुसून दिली. दुर्गाबाई बसल्या, आणि पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिल्या.

"दोन वर्षांपूर्वी यांची अँजिओप्लास्टी झाली. इथेच, परळला. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवायला हरकत नाही. शर्यतीचं यांनी डॉक्टरांना विचारलंच नाही. मी विचारू म्हटलं तर मला म्हणाले, तू मध्ये पडू नकोस." त्या थांबल्या. "सदतीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं हो."

"मग मी काय करू, काकू?"

"त्यांना मी थांबवू शकत नाही. तुम्ही गाडीला थांबवा. असं काहीतरी करून ठेवा की ती जोरात वळणारच नाही. चार वेळा जातील, मागे पडतील, कंटाळतील. त्यांना कळायला नको."

"असं नाही करता येत, काकू."

"तुमच्या हातात आहे ना पण?"

अक्षदाला परत नाही म्हणता आलं नाही. होही ती म्हणाली नाही. दुर्गाबाई गेल्यावर मामांनी एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं आणि परत मिटला.

पुढचे सहा आठवडे तिला ती गाडी दिसत राहिली. बसमध्ये उभी असताना, भाकरी थापताना, कुठेही. पावणेदोन अंश झुकवलेली चाकं, स्टेअरिंगवर खांबेटेकाका, आणि छातीवर हात. नवरा, स्वप्नील, म्हणाला, "तू गाडी लावून देतेस, चालवत नाहीस. त्यांचं ते बघतील." त्याचं खरं होतं, पण टॅक्सीच्या वेळीही सगळ्यांनी तिला हेच सांगितलं होतं.

काम झालं त्या दिवशी तिने चाकं अर्धाच अंश झुकवली. तोंडं सरळ ठेवली. गाडी चटकन वळावी म्हणून मागच्या टायरांत हवा वाढवायची होती, ती नेहमीची भरली. म्हणजे झालं काय, तर एक नेमस्त, शहाणी गाडी तयार झाली. आधीपेक्षा जराशी बरी, इतकंच. मशीन दर कामाचा कागद छापून देतं. तो तिने फाडून टाकला.

"प्रिंटर बंद आहे, काका," ती म्हणाली आणि दुकानाच्या कागदावर स्वतःच्या हाताने खोटे आकडे लिहून दिले. पावणेदोन अंश, डावीकडे. पावणेदोन अंश, उजवीकडे.

खांबेट्यांनी तो कागद वहीत ठेवला. जाताना वाकून चाकांकडे बघितलं. "उभी दिसतात, नाही?"

"डोळ्याला कळत नाही, काका."

"चष्म्याचा नंबरही वाढलाय म्हणा," असं म्हणून ते गाडीत बसले.

दिवाळीनंतरच्या रविवारी त्यांची शर्यत होती. सोमवारी ते आले नाहीत. मंगळवारीही नाहीत. अक्षदाने फोन हातात घेऊन दोनदा ठेवला. काही झालं असतं तर दुर्गाबाईंनी कळवलं असतं, असं ती स्वतःला सांगायची. आणि लगेच दुसरं मन म्हणायचं, का कळवतील?

गुरुवारी ते आले. पायी.

"एकवीस गाड्यांत विसावा," ते म्हणाले. "माझ्यासारखीच गाडी असलेला एक पोरगा होता, अर्णव नावाचा. त्याने माझ्यापेक्षा नऊ सेकंद कमी घेतले. नऊ! त्याची गाडी तर तुम्ही लावलेलीही नाही."

अक्षदा हात पुसत राहिली.

"गाडीचा दोष नाही. ती उत्तमच असणार. हात गेले माझे. स्टेअरिंग फिरवतो, पण कुठेतरी मी कमी पडतो, वेळ चुकते. आणि एकदा लक्षात आलं की मग..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "तर मी गाडी विकायचं ठरवलंय. तुमच्याकडे गिऱ्हाईक आलं तर सांगा. दुर्गाच्या माहेरी दापोलीला दर मे महिन्यात मीच नेतो तिला. पण ज्या माणसाचे हात गेलेत त्याने घाटात गाडी घालू नये."

"अहो काका, एका शर्यतीवरून..."

"शर्यतीचं नाही हो. मला वाटत होतं की अजून जमतंय. ते तपासायलाच गेलो होतो मी. बरं झालं, कळलं."

ते गेले तेव्हा त्यांची चाल बदललेली होती. अक्षदाला ती ओळखीची वाटली. दवाखान्यातून बाहेर पडणारी माणसं परळच्या फुटपाथवर चालतात तशी.

मामा स्टुलावरच होते. "तो कागद खोटो लिवलंस ना तू?" त्यांनी विचारलं.

तिने मान डोलावली.

"गाडी मऊ ठेवलंस ता माका कळला होता. त्यात काय वाईट नाय. भीती वाटली, नाय केलंस. पण त्येंका तसा सांगूक होया होता. आता तो माणूस आपल्याच हाताक दोष देतासा."

त्या शनिवारी तिने अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि माटुंग्याला गेली. जिना चढताना ती दोनदा थांबली. दार दुर्गाबाईंनी उघडलं. तिला बघताच त्यांचा चेहरा उतरला. खांबेटे आतून म्हणाले, "कोण? अक्षदाताई? या, या! गिऱ्हाईक मिळालं वाटतं?"

ती बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "काका, मी गाडी तुम्ही सांगितली तशी केलीच नाही. कागदावर खोटं लिहिलं. पावणेदोन नाही, अर्धाच अंश आहे. तोंडं सरळ आहेत. मागची हवा साधी आहे. त्या गाडीत कोणालाही बसवलं असतं तरी विसावाच आला असता. तुमच्या हातांना काहीही झालेलं नाही."

"पण का?"

"मला भीती वाटली. तुम्हाला काही होईल म्हणून." दुर्गाबाईंचं नाव घ्यायचं नाही, हे तिने बसमध्येच ठरवलं होतं.

मग दुर्गाबाई म्हणाल्या, "तिला कशाला विचारता? मी गेले होते तिच्या दुकानात. मीच सांगितलं तसं करायला."

खांबेटे दोघींकडे बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले. आवाज मात्र चढला नाही, उलट खाली आला.

"सहा दिवस," ते म्हणाले. "सहा दिवस मी दाढी करताना हात बघतोय. कापतात का. रस्ता ओलांडताना थांबतोय. तुम्ही दोघींनी मिळून मला म्हातारं केलंत."

"आणि दोन वर्षांपूर्वी त्या रात्री तुम्ही मला काय केलंत?" दुर्गाबाई एकदम म्हणाल्या. "रिक्षा नाही, लिफ्ट बंद. तुम्हाला धरून मी तीन जिने उतरले. तुम्हाला ते आठवत नाही, कारण तुम्ही शुद्धीत नव्हतात. मला रोज आठवतं."

अक्षदाला तिथून पळावंसं वाटत होतं. खांबेटे खुर्चीत बसले. मग टेबलावरची वही ओढली, तो कागद काढला, खिशातलं पेन उघडलं.

"खरे आकडे सांगा," ते म्हणाले.

तिने सांगितले. त्यांनी एकेक आकडा खोडून त्याच्या वर खरा लिहिला, कचेरीतल्यासारखी प्रत्येक खाडाखोडीशेजारी बारीक सही करत. शेवटी पेन मिटून बायकोला म्हणाले, "डॉक्टरकडे जाऊ. तू विचार. माझ्यासमोर विचार. ते नाही म्हणाले तर विषय संपला. पण हो म्हणाले तर गाडी मी सांगतो तशी होईल."

डॉक्टरांनी त्यांना फिरत्या पट्ट्यावर चालवलं, पळवलं, छातीला तारा लावून आलेख काढला. दुर्गाबाईंनी शर्यत, शंकू, सेकंद, सगळं काही न लपवता सांगितलं. डॉक्टर म्हणाले, एका मिनिटाचंच काम आहे, छाती भरून आली तर तिथेच थांबायचं, गोळी खिशात ठेवायची. हो म्हणाले.

जानेवारीतल्या शर्यतीच्या आदल्या शनिवारी गाडी परत खड्ड्यावर आली. या वेळी दुर्गाबाईही आल्या आणि मामांच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या. प्रत्येक बोल्ट काय करतो हे त्यांनी विचारलं, आणि अक्षदाने प्रत्येकाचं उत्तर दिलं. चाकं आत झुकली. पावणेदोन अंश, दोन्हीकडे. प्रिंटरने कागद काढला तो तिने आधी दुर्गाबाईंच्या हातात दिला.

तोंडं फाकवायचं काम मात्र तिने मुद्दाम ठेवलं. "तशी गाडी घेऊन हायवेवरून जायचं नाही. ते मैदानावर करू. मी येते."

बोलून गेली, आणि मग तिच्या लक्षात आलं. मैदानावर मशीन नसणार. तिथे दोराच लागणार होता.

रविवारी सकाळी सात वाजता पनवेलपुढच्या त्या मैदानात धूळ थंड होती. वीसबावीस गाड्या, प्रत्येकीभोवती दोनतीन माणसं वाकलेली. अक्षदाने मामांचा दोरा दोन बाजूंच्या स्टँडना ताणून बांधला, पट्टी लावून चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं अंतर घेतलं, आणि गाडीखाली आडवी झाली. दोन्हीकडे टाय रॉड पाव-पाव फेरा. परत मोजलं. चेकनट आवळले. उठली, धूळ झटकली, परत खाली गेली आणि पाना लावून बघितला. पक्का. दुसरीकडे गेली. पक्का. तिसऱ्यांदा ती खाली जायला लागली तेव्हा दुर्गाबाई म्हणाल्या, "मी बघू का?" आणि खरंच पदर खोचून गुडघ्यावर बसल्या. अक्षदाने पाना त्यांच्या हातात दिला. त्यांनी जोर लावला. नट हलला नाही.

"घट्ट आहे," दुर्गाबाई म्हणाल्या. दुसऱ्या कोणीतरी ते म्हटल्याने अक्षदाला जरा बरं वाटलं.

टायरांच्या कडेला तिने खडूने आडव्या रेघा ओढल्या. टायर वळणावर किती दुमडतो, ते रेघ कुठवर पुसली जाते त्यावरून कळतं. मागच्या टायरांत हवा चार पौंड जास्त भरली. खांबेट्यांनी हेल्मेट चढवलं; त्यात त्यांचा चेहरा लहान मुलासारखा गोल दिसत होता.

पहिली फेरी त्यांनी जपून केली. अडुसष्ट सेकंद. दिवाळीपेक्षा चार कमी. गाडीतून उतरले तेव्हा ते बोटांची उघडझाप करत होते.

"काय झालं?" दुर्गाबाईंनी घाबरून विचारलं.

"वळते," ते म्हणाले. "दुर्गा, ती वळते!"

दुसऱ्या फेरीत सुरुवातच जोरात झाली. अक्षदा दोरीच्या कुंपणाला धरून उभी होती. तिसऱ्या वळणाला गाडी इतकी चपळ फिरली की शेजारचा कोणीतरी "वा!" म्हणाला. पाचवं वळण लांबलचक, उजवीकडचं. तिथे गाडी मध्यावर पोचली आणि अचानक तिची पाठ सुटली. मागचा भाग बाहेर आला, आणखी आला, गाडी स्वतःभोवती गर्रकन फिरली, चार शंकू उडाले आणि सगळं धुळीत दिसेनासं झालं.

अक्षदाला वाटलं, नट. डावा नट. दुर्गाबाईंना काय कळतंय, आपण तिसऱ्यांदा बघायला हवं होतं. ती दोरीखालून गेली आणि धावत सुटली. मागून संयोजक "ओ मॅडम, थांबा!" म्हणून ओरडत होता. तिला कळलं की आपल्या शेजारून आणखी कोणीतरी धावतंय, साडी दोन्ही हातांनी वर धरून.

धूळ बसली. गाडी उलट्या तोंडाने उभी होती, इंजिन बंद. काच खाली आली.

"पाय उचलला मी," खांबेटे म्हणाले. ते पांढरे पडले होते, पण आवाज धड होता. "मध्येच घाबरलो आणि ॲक्सिलरेटर सोडला. सोडायचा नसतो तिथे. वाचलं होतं मी, तरी सोडला."

"छातीत?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"धडधडतंय. दुखत नाही."

दुर्गाबाईंनी खिडकीतून हात घालून त्यांचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. संयोजक आला, चिडला होता, पण ते दृश्य बघून पडलेले शंकू उचलायला वळला. अक्षदा तोवर गाडीखाली होती. दोन्ही नट जागच्या जागी होते. तिने डोळे मिटले आणि तशीच क्षणभर पडून राहिली.

गाडी जागेवर आणल्यावर खडूच्या रेघा बघितल्या. पुढचे टायर छान टेकत होते. मागचे मात्र जेमतेम टेकत होते; फुगवून फुगवून तिने ते फारच कडक केले होते.

"काका," ती म्हणाली, "मागची हवा दोन पौंड कमी करते. पाठ एवढ्या पटकन सुटणार नाही. वेळ थोडा जास्त लागेल. सांगून करतेय. नको असेल तर नाही करत."

खांबेट्यांनी विचार केला. "दोनच?"

"दोनच."

"करा." मग बायकोकडे वळून, "तिसरी फेरी करू ना?"

दुर्गाबाईंनी पिशवीतून बाटली काढून त्यांना पाणी दिलं, ते पिऊन होईपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिल्या. "करा," त्या म्हणाल्या. "पण मी बघणार नाही. मी पाठ करून उभी राहते."

आणि तशा त्या राहिल्या. तिसऱ्या फेरीचा सगळा वेळ अक्षदा त्यांना पुटपुटत सांगत होती. "पहिलं वळण झालं, काकू. दुसरं. तिसरं. चौथं..." पाचव्याला ती नुसतं 'आलं' म्हणाली. दुर्गाबाईंनी तिचा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता. गाडी त्या लांब वळणात शिरली, मागचा भाग जरासा बाहेर झुकला, थरथरला, आणि तसाच झुकलेला वळणभर गेला. या वेळी पाय उचलला गेला नाही.

"गेली," अक्षदा म्हणाली. "गेली, काकू. बाहेर पडली."

एकसष्ट सेकंद आणि काही दशांश, एकही शंकू न पाडता. बावीस गाड्यांत तेरावे. अर्णव नावाचा तो पोरगा सातवा आला. तो येऊन हात मिळवून गेला आणि कोणाकडून अलाइनमेंट करून घेतली म्हणून विचारलं. खांबेट्यांनी अक्षदाकडे बोट दाखवलं. पोरगा तिच्या मागे कोणी पुरुष उभा आहे का, हे बघत राहिला, मग ओशाळला.

निकाल लागल्यावर अर्धा तास वाट मोकळी असते. घड्याळ नाही, आकडे नाहीत, शेजारी कोणालाही बसवून फेरी मारायची. खांबेट्यांनी दुर्गाबाईंना विचारलं. त्यांनी हात जोडले. मग ते म्हणाले, "अक्षदाताई, तुम्ही चला."

इतक्या वर्षांत तिने किती हजार गाड्या लावल्या असतील. त्यातल्या एकीतही ती वळणावर बसली नव्हती. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचं, एवढीच तिची चाचणी. नको म्हणता म्हणता तिच्या डोक्यावर हेल्मेट आलं, पट्टा आवळला गेला. तिने तो दोनदा ओढून बघितला.

पहिल्या वळणाला तिचं पोट एका बाजूला गेलं आणि ती दुसऱ्या बाजूला. तिने आई गं म्हणून दाराचा दांडा पकडला. दुसऱ्या वळणाला डोळे मिटले. पण डोळे मिटल्यावर तिला सीटखालून गाडी कळायला लागली. पुढचं बाहेरचं चाक जमिनीला धरून ठेवत होतं, झुकलेलं, पूर्ण टेकलेलं, आणि त्याच्यावर सगळा भार येऊन बसत होता, तरी ते सुटत नव्हतं. पडद्यावर ज्याचा आकडा यायचा, ते हे होतं. तिने डोळे उघडले. शंकू बाजूने नारिंगी रेषेसारखे जात होते. पाचव्या वळणात पाठ झुकली, आणि खांबेट्यांचे हात तिला दिसले. स्टेअरिंगवर सैल, बारीक बारीक सांभाळणारे, अजिबात न कापणारे.

गाडी थांबली. दाराला धरून ती उतरली आणि सरळ पुढच्या चाकापाशी जाऊन उकिडवी बसली.

"काय झालं?" खांबेट्यांनी घाबरून विचारलं. "काही चुकलं का?"

"नाही, नाही. काका, उजव्या वळणात हे डावं चाक जरासं उशिरा धरतंय. तुम्हाला नाही जाणवत? स्टेअरिंग फिरवल्यावर, एवढंसं..." तिने चिमटीने दाखवलं. "इथे अजून थोडं झुकवता येईल. खडू कुठे ठेवला मी?"

ती खिसे चाचपायला लागली. दुर्गाबाईंनी बाटलीचं झाकण काढून बाटली तिच्यापुढे धरली.

"आधी पाणी प्या," त्या म्हणाल्या. "खडू माझ्याकडे आहे."